रेणापूर, भाकर घे

“रेणापूर, भाकर घे. अर्धापूर, तू उठू नको, भात येऊन राहिलाय.”

नांदेडला बी.ए.ला आलो, तेव्हा मावशींच्या खानावळीत पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि दचकलो. रेणापूर माझं गाव. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळं निघताना आईनं बजावलं होतं, “कुणी इचारलं तर पुरं नाव सांग, आडनावासकट.” मावशींनी विचारलं ते एवढंच, “कोणतं गाव?” मी पूर्ण नाव सांगू लागलो, तर म्हणाल्या, “राहू दे. बस पंगतीला.”

आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी मला बरेच दिवस वाटायचं की मावशींच्या लक्षात नावं राहत नसतील. आमच्याच गावचा दुसरा मुलगा आला, तो ‘धाकलं रेणापूर’ झाला. तो माझ्याहून वीतभर उंच होता.

निलंग्याच्या मुलाला हे आवडायचं नाही.

“मावशी, माझं नाव चांगलं हाय की.”

“चांगलंच असंल. पेपरात लिही. हितं तू निलंगा.”

एकदा एका नव्या मुलानं शेजारच्याला हळूच विचारलं, “तुम्ही कोणाच्यातले?” मावशींची पळी वरणात तशीच थांबली.

“गुरुद्वाऱ्यात लंगरला जातोस न्हवं? तिथं इचारतंय का कुणी? मग हितं कामून इचारून राहिला?”

शेगडीमागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. गॅस पेटवण्याआधी त्या तिला हात जोडायच्या. धर्मावर याहून जास्त त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मग निवडणूक आली. एका दुपारी आमच्या भागातले एक नेते स्वतः खानावळीत आले. ती जागा त्यांच्याच पाहुण्याची होती, हे मावशींना ठाऊक होतं. साहेब आमच्यासोबत मांडी घालून जेवले, भाकरीचं कौतुक केलं. मग म्हणाले, “मावशी, यातली आमच्या समाजाची पोरं कोणती, तेवढं सांगा. वर्षभर त्यांच्या जेवणाचं आम्ही बघतो.”

“मला गावंच ठाऊक हायेत, साहेब.”

“मग विचारून घ्या.”

“इचारणार न्हाई. द्यायचं तर पंगतीला द्या.”

साहेब हसले. हात धुऊन निघून गेले.

ते गेल्यावर निलंगा ताटावरून उठला. त्याचे वडील लातूरला आडतीवर हमाली करायचे, आणि त्या वेळी आडत बंद होती.

“मावशी, माझं वर्षाचं जेवण गेलं. तुमच्या पंगतीचं काय करू मी?”

 मावशींनी त्याच्या ताटात भाकर ठेवली आणि बराच वेळ कुणाला हाक न मारता वाढत राहिल्या. तो जेवला नाही.

त्या वर्षी राज्यशास्त्राच्या पेपरात राष्ट्राच्या घडणीवर प्रश्न आला: नेतृत्व, अर्थव्यवस्था आणि धार्मिक मूल्ये. पुस्तकात तिन्हींची वेगवेगळी प्रकरणं आहेत, मी त्यातलंच लिहिलं. ती तिन्ही मी एकाच दुपारी, एकाच पंगतीत बघितली होती. पण त्या दुपारी कोणाचं बरोबर होतं, हे मला ठरवता आलं नव्हतं. अजूनही येत नाही.

निवडणुकीचा निकाल लागल्यावर मावशींना जागा खाली करायला सांगितलं गेलं. शेवटच्या दिवशी मावशी तवा घासत होत्या. आम्ही इतकी पोरं तिथं जेवलो, पण कुणी त्यांना त्यांचं गाव विचारलं नव्हतं. मी विचारलं.

“गाव हाय की,” त्या म्हणाल्या. “पण तिथं आम्हाला कुणी गावाचं म्हणत न्हवतं. वस्तीचं म्हणायचे.”

आणि तव्याची दुसरी बाजू घासायला घेतली.

आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. मावशी लेकीकडं गेल्या एवढंच कळलं. फोन लागत नाही.

परवा लातूरच्या स्टँडवर गर्दीत पंगतीतला एक जुना सोबती दिसला. नाव आठवेना, म्हणून मी ओरडलो, “ए निलंगा!” गाडीची वाट बघत बसलेली पाच-सहा माणसं पिशव्या घेऊन उठली. सगळ्यांत शेवटी तो वळला.

“रेणापूर! जेवलास का रे?” मग जवळ येऊन विचारलं, “मावशी कुठं असतात?”

मी ठाऊक नाही अशी मान हलवली.  तेवढ्यात खरीच गाडी लागली. कंडक्टर ओरडू लागला, “निलंगा, निलंगा!” आणि निलंग्यानं चटकन मागं वळून बघितलं, कुणीतरी भाकर घेऊन आल्यासारखं.