बायबलबाईची जागा

बायबलबाई डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायची. चर्चच्या पाळकसाहेबांना ते खटकायचं. विचारलं की म्हणायची, "मिटून बघितले एकदा. उघडंपर्यंत घागर गेलती." दुष्काळाचं साल होतं. विहिरीच्या तळाला वाटीवाटीनं पाणी भरावं लागायचं आणि पाळी सोडून देवाशी बोलत बसणं कुणाला परवडत नव्हतं. ती ओठ हलवायची आणि नजर घागरीवर ठेवायची.

आताच्या पोरींना बायबलबाई म्हणजे काय ते ठाऊक नाही. मिशन पगार द्यायचं आणि अशी बाई घरोघर फिरून बायांना शास्त्र वाचून दाखवायची. लातूरकडच्या मुरुडजवळच्या आमच्या गावात ती नवऱ्याबरोबर आली. नवरा लवकर वारला. त्याला आमच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत पुरलं, तेव्हा तिचा दाविद अजून चालायला लागला नव्हता. पुढं मिशनच्या गोऱ्या मडमा आपल्या देशी निघून गेल्या आणि पगार थांबला. हिचं फिरणं थांबलं नाही. आवाज मात्र चांगला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. गायला लागली की ओसरीवरची कुत्री उठून जायची.

दुष्काळी कामावर आम्ही शेजारी बसून खडी फोडायचो. सुट्टी बाजाराच्या दिवशी, आणि बाजार काही रविवारी नसायचा. रविवारी बायबलबाई हातोडा धरायची नाही. कामावर यायची, पण लिंबाखाली बसून सगळ्यांची तान्ही पोरं सांभाळायची, फुकट. त्या दिवशीची मजुरी बुडायची आणि घरी दाविदला पातळ कण्या मिळायच्या. मी तिला वेडी म्हणाले, तोंडावर. मुकादमानं सगळ्यांसमोर टोमणा मारला, "बाई, तुमचा देव हजेरी मांडणार हाय का?"

"माझी तोच मांडतो," ती म्हणाली. "तुमची कोण मांडतं ते बघा."

मुकादम हसला. मजुरी दिली नाही ती नाहीच.

त्या वर्षी चर्चमध्ये बसायला जागा नसे, कारण प्रार्थना झाली की दुधाची पावडर मिळायची. पाऊस पडला, पावडर संपली, आणि पुढच्या रविवारी आम्ही नऊ-दहा माणसं उरलो. पाळकसाहेब हिरमुसले. बायबलबाईनं सतरंजीची घडी घातली आणि म्हणाली, "बरं झालं. एवढी मोठी झाडायला लई वेळ जात होता."

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला खेटे घालणं संपलं म्हणून लोकांनी पेढे वाटले. नवी ऑफिसं उघडली, नोकऱ्या निघाल्या. सवलतीची जागा हवी तर दाखल्यावर ख्रिस्ती चालत नव्हतं. आमच्यातल्या किती पोरांनी जुनी जात आणि नवं नाव लावलं, ते आम्हाला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. दाविदचा देविदास झाला आणि शिपाई म्हणून लागला.

मी तिला म्हणाले, त्याच्या कानफटात मार. ती म्हणाली, "मार्थे, पोटासाठी केलं त्यानं. मी कोन त्याच्या ताटातलं काढनारी?" मी म्हणाले, आणि देव? तर म्हणाली, "देव काय सरकार हाय का, जिल्हा बदलला की बदलायला? तो हाय तितंच हाय. पोरगं येईल फिरून."

पण एक गोष्ट तिनं मागितली. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या पहाटे आम्ही स्मशानभूमीत जातो, आपापल्या माणसांच्या कबरी झाडतो, चुना लावतो. त्या वर्षी तिनं नवऱ्याच्या कबरीशेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी ठेवून भोवती दगड लावले. दगड मी उचलून दिले. दाविद लातूरहून आला होता, नव्या पॅन्टीला चुना लागू नये म्हणून लांब उभा होता. ती त्याला म्हणाली, "कागदावर तू काय बी हो. मला मेल्यावर बदलू नको. इतं ठेव, तुज्या बापाजवळ."

"हाव, आई," तो म्हणाला. मी ऐकलं आहे.

गुडघे गेल्यावर त्यानं तिला लातूरला नेलं. नव्या वसाहतीत ऑफिसातलीच माणसं राहायची, म्हणून घरात गाणी म्हणायची नाहीत असं ठरलं. शनिवारी मात्र ती एसटीनं गावी यायची, माझ्याकडं निजायची, रविवारची उपासना करून परत जायची. मी विचारलं, तिकडं करमतं का. म्हणाली, "तितं मी मुकी, इतं पोराचं नाव कुनी काडलं की बहिरी. चाललंय."

एका शनिवारी आली नाही. पुढच्या मंगळवारी दाविद आला, डोकं भादरलेलं. ती शुक्रवारीच गेली होती. ऑफिसातली माणसं जमली, साहेब स्वतः आले, त्यांनीच लाकडं सांगितली. दुपारच्या आत तिला जाळून मोकळे झाले. "मावशी, साहेब दारात उभे होते," तो म्हणाला, "मी त्यांना काय सांगणार होतो?" मी त्याला पाणीही विचारलं नाही. पाळकसाहेबांनी समजूत घातली की देवाला राखेतूनही उठवता येतं. येत असेल. तिनं राखेचं मागितलं नव्हतं.

दाविद आता पेन्शनीत आहे. पेन्शन बसली त्या वर्षीच तो पुन्हा दाविद झाला. बायबलबाई म्हणाली तसा फिरून आला, हेही खरं. पुढच्या बाकावर बसतो, शास्त्रपाठ वाचतो, आईच्या अढळ विश्वासावर साक्ष देतो. बाया पदर डोळ्याला लावतात. मी लावत नाही. स्मशानभूमीचा कारभारही त्याच्याकडंच आहे.

परवा उपासना सुटल्यावर तो माझ्याजवळ आला. गावात जागा कमी पडते आहे, माझंही वय झालं, असं म्हणाला. मग हळूच, उपकार केल्यासारखं, "मावशी, आमच्या वडलांशेजारची जागा मोकळीच हाय. तुमच्या नावानं ठेवू का?"

मी म्हणाले, "ती मोकळी नाही."

तो तसाच निघून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा पुढच्याच बाकावर होता.