आई आणि नोरा कुठल्या भाषेत बोलायच्या?

इथले भुताखेताचे अनुभव मी वाचतो ते खरं सांगायचं तर चहाबरोबर, हसायला. अकाउंटंट माणूस मी. हिशोब जुळला नाही तर चूक शोधायची, भूत नाही, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय... आणि लिहिताना भीती नाही, लाज वाटतेय.

२००६ च्या आसपासची गोष्ट. आम्ही सिंगापूरला पासिर रिसमधल्या एका कॉन्डोत, म्हणजे पूलवाल्या सोसायटीत, राहत होतो. ऑफिस रॅफल्स प्लेसला. बाबा गेल्यावर आईला काही महिने आणलं होतं. आई पाटणकडच्या खेड्यातली. इंग्रजी शून्य, हिंदीही अडखळत.

समोरच्या फ्लॅटमध्ये शॉन नावाचा आयरिश इंजिनियर. त्यानेही आपल्या आईला आणलं होतं — नोरा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातली. तिथे लोक अजून घरात आयरिशच बोलतात, आणि ती इंग्रजीपेक्षा अगदीच वेगळी भाषा आहे, हे मला शॉनकडूनच कळलं. स्ट्रोकनंतर नोराचं इंग्रजी पुसलं गेलं होतं, आयरिश तेवढी उरली. शॉनला ती समजायची, पण तो उत्तर इंग्रजीत द्यायचा.

दोघी म्हाताऱ्या संध्याकाळी स्विमिंग पूलजवळच्या बाकावर बसायच्या. नऊवारीतली आई मोठ्या आवाजात बोलतेय, नोरा मान डोलावतेय, आणि लोक बघतायत... मी ऑफिसातून आलो की मागच्या गेटने आत शिरायचो.

जेवताना आई नोराचं गाव सांगायची. "त्यांच्याकडं लाकूडफाटा नाही रे. रानातली काळी माती विटांसारखी कापतात, शेणीगत वाळवतात आणि चुलीत घालतात. जमीन सगळी खडकाची, म्हणून समुद्राचं शेवाळ वाहून आणून शेतात टाकतात. उन्हाळ्यात शहरातली पोरं हिच्या घरी भाषा शिकायला राहतात. जेवताना कोणी इंग्रजी बोललं की दिलं घरी धाडून."

मला वाटलं, टीव्हीवर पाहिलं असेल. मी "हं" म्हणून ब्लॅकबेरी बघत राहायचो.

एकदा म्हणाली, "तिची बहीण ब्रीद अमेरिकेला गेली, तर आदल्या रात्री सगळं गाव घरात जमलं. मयताला जमतात तसं. पोरगी परत दिसायची नाही, हे ठाऊक होतं ना."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मी हे शॉनला सहज, गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. "मातीचं, शेवाळाचं खरं आहे," तो म्हणाला. "ब्रीद माझी मावशी. पण त्या रात्रीचं आईने मला कधीच सांगितलं नाही."

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी त्याने आमची बेल वाजवली. दारातच उभा राहिला. संकोचला होता.

"माझी आई म्हणते, तुझ्या आईला डाव्या डोळ्याने दिसत नाही. आता उजव्यानेही कडेचं दिसेनासं झालंय. ती म्हणते, तिच्या मुलाला तू सांग, त्याला तिचं ऐकायला वेळ नसतो."

मी म्हटलं, काहीतरी गैरसमज झालाय. आई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, तोंडाशी हात हलवला. ती गाळतच राहिली. थोडा चहा कपाबाहेर, ओट्यावर गेला. रोजच जायचा. मी त्यावरून तिला बोललोही होतो. शॉन दारातून बघत होता, आणि मला त्याच्याकडे वळायचा धीर होईना.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डावा गेलाय, उजवा वाचेल. वाचला.

क्लिनिकमधून येताना टॅक्सीत विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की दोनदा. तू म्हणालास, लाइट लावून काम कर."

 मग विचारलं, "नोराला कुठल्या भाषेत सांगितलंस?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याच. ती काय वेगळं बोलते? जरा पाटणच्या पलीकडचं वळण आहे, एवढंच."

शॉनला हे सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या आईचं म्हणणं, ही बाई शेजारच्या गावची आयरिश बोलते, उच्चार स्वच्छ आहेत.

एकदा मी मुद्दाम त्या बाकामागे उभा राहिलो. आई मराठीच बोलत होती. नोरा जे बोलत होती त्यातला एक शब्द मला कळला नाही. पण दोघी एकमेकींना थांबवत होत्या, विचारत होत्या, नेमक्या जागी हसत होत्या. मी पुढे गेलो तशा गप्प झाल्या.

आईला गावी सोडून परत आलो, त्या संध्याकाळी नोरा बाकावर एकटीच होती, शेजारी शॉन. मी तिच्यासमोर वाकलो आणि मराठीत, सावकाश म्हणालो, "आई नीट पोचली. डोळा बरा आहे. तुमची आठवण काढते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शॉनला हळूच काहीतरी म्हणाली. तो लाल झाला. मीच आग्रह केला, तेव्हा सांगितलं...

"ती म्हणते, या माणसाला सांग, मला इंग्रजी कळत नाही."

मी मराठीच बोललो होतो. ते इंग्रजी नव्हतं, हे शॉननेही ऐकलं होतं. याचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही, आणि खरं सांगतो, कोणी लावून दिला तरी तो ऐकायची माझी तयारी नाही.