हवालदारांचा कुजका दोर

हवालदार काका कुणाच्या घरी गेले की 'बरं आहे ना' असं विचारायचे नाहीत. दारात उभं राहून आधी छप्पर बघायचे, मग जमीन, आणि म्हणायचे, "पानी शिरलं तर कुठून निघशील?" नव्या सुनेलाही हाच प्रश्न. बायका म्हणायच्या, मेला अपशकुनी. पण त्या संध्याकाळी प्रत्येकीची नजर एकदा तरी मोरीच्या भोकाकडे जायचीच.

फौजेत ते पूल बांधणाऱ्या, होड्या टाकणाऱ्या तुकडीत होते. "आमच्या फौजेत पूर मे महिन्यात येतो," असं सांगायचे. म्हणजे पावसाआधीच नदीकाठची गावं पायी फिरायची, होडी कुठे लागेल ते ठरवायचं, म्हातारं कोण, बाळंतीण कोण, ते लिहून घ्यायचं. पेन्शनीत आल्यावर भिवंडीतल्या आमच्या गल्लीचीही त्यांनी तशी यादी केली. माझ्या आईचं अर्धं अंग लुळं होतं. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'उचलून न्यावी लागेल.' ते मी दोनदा वाचलं. तोवर आई आजारी आहे एवढंच मी धरून चाललो होतो.

मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी गल्लीत आडवा दोर बांधून ते आम्हा लूमवाल्यांना गाठी शिकवायचे. आमच्या बोटांना भलतीच सवय. तुटलेला धागा जोडायचा तर गाठ बारीक लागते, गाठीबाहेर टोकांची शेपटं ठेवली की ती मागाच्या फणीत अडकतात. काका वैतागायचे. "सूत न्हाय रं हे, मानूस बांधतोय. शेपूट हातभर सोड."

एका वर्षी भर दुपारी नदी गल्लीत शिरली. वीज गेली आणि सगळे लूम एकदम थांबले. जन्मापासून त्या खडखडाटात वाढलेला मी, ती शांतता ऐकूनच माझी गाळण उडाली. काका समोरच्या माडीला दोर बांधून छातीभर पाण्यातून आले. आमच्या दारापर्यंत तो पुरेना, म्हणून दुसरा दोर माझ्याकडे टाकला. "जोड," म्हणाले. मी पुढे होऊन दोन्ही दोरांची टोकं जोडली आणि दुसरा दोर दाराच्या खांबाला बांधला. आईला पाठीवर घेऊन, दोर धरून ते निघाले आणि मधोमध माझी गाठ सुटली. दोघंही पाण्याखाली गेले. मी उडी कशी मारली, आईचा अंबाडा हाती कसा लागला, मला आजही सांगता येत नाही. काका वाहत जाऊन एका खिडकीच्या गजांना अडकले.

कसेबसे तिघं माडीवर पोचल्यावर एका कारागिराने विचारलं, "साब, रस्सी टूटी क्या?" काकांच्या मुठीत दोराचं टोक होतं. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कुजला व्हता दोर," ते म्हणाले.

दर आठवड्याला दोर उन्हात वाळवणारा हा माणूस. त्याने चारचौघांत असं सांगितलं आणि सगळ्यांनी ते खरं मानलं.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. "काका, गाठ माझी होती. घाबरलो आणि सुताची मारली. बोटभरच सोडलं होतं."

"ठावं हाय. तुजी आय रोज तुज्याच हातानं उठते-बसते. त्या हातांना ती भ्यायला लागली तर तिला उचलंल कोन?"

"पण लोक तुम्हाला नावं ठेवतात."

"मला उचलायला अजून कुनी लागत न्हाय. गप र्‍हा."

पुढच्या मे महिन्यात कुणी फिरकलं नाही. कुजक्या दोरवाल्याकडून काय शिकायचं? मी एकटाच गेलो. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि दोर गुंडाळला. "दोगांनी काय व्हतंय? जा, शिफ्ट हाय तुजी." मग ते लेकीकडे वज्रेश्वरीला राहायला गेले आणि तिथेच वारले. ती बातमी आली तेव्हाही मी गल्लीत तोंड उघडलं नाही. भ्यालो, दुसरं काय. दर पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागायचं, आणि गल्लीत धड गाठ मारणारा एक माणूस नव्हता.

आई पुढे सहा वर्षं जगली. कुणी भेटायला आलं की पुराची गोष्ट सांगायची. "त्या हवालदारानं कुजक्या दोरानं मारलंच होतं मला. माझ्या पोरानं ओढून काढलं." मी शेजारी बसून तिला पेज भरवत असायचो. ती पुढे आणखी काही बोलायच्या आत मी घाईघाईने चमचा तिच्या तोंडाशी न्यायचो.