भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

९ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी बँड येणार होता म्हणून दुपारीच पियानो पुसायला घेतला. बेंगळुरूच्या पावसाळ्यात पट्ट्यांवर बुरशी धरते. आधी कोरडं फडकं, मग स्वल्प स्पिरिट, मग पुन्हा कोरडं. हे काम वसंतकाका दुसऱ्या कुणाला करू देत नसत. ते गेल्याला महिना झाला होता. बातमी आली तेव्हा मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या आवाजात उभी होते. काकू फोनवर काय सांगताहेत ते कळेना. शेवटी त्या ओरडल्या, "अगं, काका गेले!" मी मशीन बंद करायला सांगितलं आणि निघाले. त्या दिवशी त्यांच्या घरी कामं खूप होती, ती केली.

काका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. संध्याकाळी मल्लेश्वरममधल्या घराच्या मागच्या खोलीत त्यांचा जॅझ बँड जमायचा. रचना त्यांच्याच, पियानोही तेच वाजवायचे. मी गेली बरीच वर्षं त्यात डबल बास वाजवते आणि काकांचं अक्षर कुणाला लागत नसल्यामुळे सगळ्यांचे स्वरलेखनाचे कागद स्वच्छ उतरवून देते. त्या कागदांवर वर वाद्याचं नाव कधीच नसे, माणसाचं असे. 'ट्रंपेट' नाही, 'जॉर्ज'. जॉर्जचा दम आजारपणानंतर तोकडा झाला, तेव्हा काकांनी त्याची वाक्यं आखूड केली आणि उरलेली सॅक्सोफोनच्या तोंडी घातली. सॅक्सोफोनवाले व्यंकटेशअण्णा नेहमी जरा उशिरा सूर धरतात. काकांनी त्यांना सुधारलं नाही, त्यांचा उशीरच लिहून टाकला. लोक तेवढ्या जागेची वाट बघायचे. कुणी बँड सोडून गेलं, की त्याचा कागद कपाटात जायचा, नव्या माणसाला मिळायचा नाही. नव्या माणसाने काही संध्याकाळी एकट्याने वाजवायचं आणि काकांनी वेताच्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून ऐकायचं. बोटं दिसली की कान आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. मग त्या माणसासाठी सगळं नव्याने लिहायचं. माझ्या कारखान्यात एका पार्टच्या जागी दुसरा जसाच्या तसा बसला नाही, तर माल परत येतो. काकांकडे जसाच्या तसा बसला, तर ते तोंड वाकडं करायचे.

व्यंकटेशअण्णांची भाषा कन्नड, जॉर्जची तमिळ. मराठी दोघंही काकांकडून शिकले, ती बहुतेक ओरडा खाऊन. आजही शहरातल्या एखाद्या हॉटेलात 'एक, दोन, एक दोन तीन चार' असं मोजून बँड सुरू झाला, तर त्यातलं कुणीतरी या खोलीतून गेलं आहे असं खुशाल समजावं.

पुढच्या रविवारी, १७ तारखेला, काकांच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला होता आणि पियानोचा कागदच नव्हता. स्वतःचं त्यांनी कधी लिहिलं नाही. ऋचा नावाची नागपूरची मुलगी, एचएसआर लेआउटमध्ये कॉम्प्युटरच्या नोकरीत, त्यांच्या शेवटच्या दिवसांत खोलीवर येऊ लागली होती. तिने जुन्या रेकॉर्डिंगवरून काकांचं वाजवणं सूर न् सूर हुबेहूब बसवलं होतं. त्या शनिवारी संध्याकाळी ती वाजवायला लागली आणि माझा हात तारेवरच थांबला… काकाच. ठेक्यात तीच ठेच, तोच डावा हात.

व्यंकटेशअण्णांनी सॅक्सोफोन खाली घेतला. "बास. हे वसंत आहेत. वसंत गेले."

"मग मी काय वाजवू, अण्णा?"

"काही नको. पियानोच्या जागा मोकळ्या ठेवू. मान म्हणून."

"एक दिवस मान," जॉर्ज म्हणाला. "पुढे? दर वेळी भोकं ठेवून वाजवायचं? आपण बँड आहोत की शोकसभा?"

"तुला घाई असेल तर दुसरा बँड बघ."

 जॉर्ज ट्रंपेट पुसून पेटीत ठेवायला लागला. ती पेटी आज बंद झाली, तर या खोलीत पुन्हा उघडणार नाही, हे मला दिसत होतं.

"मलाही त्यांचं नव्हतं वाजवायचं," ऋचा म्हणाली. "माझ्या नावाचा कागदच नाही आहे न, ताई. ते ऐकणार होते मला. त्याच आठवड्यात…"

"मी ऐकते," मी म्हणाले. "मी लिहिते."

अण्णा माझ्याकडे वळले. "तू? तू कागद उतरवतेस, अक्का. वसंत नाहीस तू."

"नाही. म्हणून तर नीट ऐकावं लागेल."

अण्णांनी वेताच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग अण्णा म्हणाले, "सरी, ठीक. उद्या सकाळी. मला पटलं नाही, तर मी कार्यक्रमाला येणार नाही." जॉर्जने पेटी मिटली, पण खटके लावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेताच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. समोर भिंतीवर, पायाच्या उंचीला, रंग उडून काळा डाग पडला होता. काका ठेका धरायचे तेव्हा चपलेचं टोक तिथे घासायचं. ऋचाने सवयीने काकांचीच सुरुवात केली. "ते नको," मी म्हणाले. ती थांबली. मग तिने एक सूर दिला आणि काकांनी कधी सोडली नसती एवढी मोठी जागा सोडून दुसरा. पुन्हा तसंच. माझं पाऊल भिंतीला लागलं तेव्हा मला कळलं की मी ठेका धरला आहे.

मागे दार वाजलं. मी वळले नाही. कागद घेतला, वर पेन्सिलीने 'ऋचा' लिहिलं.

"खाली माझं नाव घाल," दारातून अण्णा म्हणाले. "आणि स्वल्प जागा सोड. मी तिच्या मागून, उशिरा येतो."

मी जागा सोडली आणि मग त्यांचं नाव लिहिलं.