उजवा हात, डावा कान

उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि बोटांनी डावा कान धरायचा. वय विचारलं की हा गृहस्थ तोंडाने उत्तर देण्याआधी हे करून दाखवायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानशिलावर चार पांढरे केस, मागे मिसरूड फुटलेल्या पोरांची रांग, आणि हा माझ्या खिडकीसमोर कान धरून उभा. वर म्हणायचा, "हात लांब होते, भाऊसाहेब."

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर कारकून होतो. खिडकीवर बसलं की माणसाला माणसं ओळखता येतात असं मला वाटायचं. खरं म्हणजे मला माणसांचा फक्त कंटाळा येत होता. त्यातही या प्रकारच्या माणसांचा फार. तुम्हीही पाहिली असतील. वेळ निघून गेल्यावर जागी होतात, बगलेत फाइल मारून हिंडतात आणि सगळ्यांना 'साहेब' म्हणतात.

हा धरणगाव तालुक्यातला. जुन्या पद्धतीची अकरावी मॅट्रिक, त्यानंतर बी. ए., मराठी आणि इतिहास. त्याने फाइलीत सगळ्यात वर बी. ए.ची पदवी लावली होती, प्लॅस्टिकमध्ये घालून. मी ती चिमटीत धरून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवली. म्हटलं, हे आता पेशंटला शिवाजी महाराज शिकवणार. तो हसला, रांगेतली पोरंही हसली. हा गृहस्थही हसला, त्याचा मला जास्त राग आला.

त्याच्या गावात दवाखाना होता, पण डॉक्टर जळगावहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. उरलेले दिवस हा कंपाउंडर. लोक रात्री-बेरात्री यालाच उठवायचे. त्याच्या जागी दुसरा असता तर त्याने दाराला पाटी ठोकून इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली असती. असे डॉक्टर तेव्हा गल्लोगल्ली होते आणि चांगले बंगले बांधून होते. हा मात्र सुई हातात धरायचा नाही. मंगळवारची वाट पाहताना एक बाळंतीण हातची गेली, तेव्हा याने ठरवलं की आपण रीतसर डॉक्टर व्हायचं. मॅट्रिक जुनी म्हणून ज्युनियर कॉलेजवाल्यांनी आधी दारातच अडवलं. बोर्डाकडून समकक्षतेचा दाखला आणून हा अकरावी सायन्सला बसला, सतरा वर्षांच्या पोरांच्या बाकावर. पोरं त्याला काका म्हणायची आणि बेडूक कापायला पुढे करायची. दोन वर्षांनी बारावीला गुण मात्र चांगले पडले. हे सगळं त्याने मला खिडकीतून सांगितलं, मी न विचारता.

अडचण वयाची होती. त्या वर्षी माहितीपत्रकात नवीन अट आली होती, तिशीच्या आतला उमेदवार हवा. कागदावर याला एकतीस पूर्ण होती.

आणि म्हणून तो कान. आमच्याकडे खेड्यांत तेव्हा जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? आई-बाप पोराला शाळेत घेऊन जायचे, गुरुजी त्याला डोक्यावरून हात न्यायला लावायचे, बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पूर्ण. तारीख सगळ्यांची एकच, एक जून. आमच्या ऑफिसात सातांपैकी पाच जण एक जूनचे होते, मीही त्यातलाच. याचं म्हणणं असं, की तो साडेचार वर्षांचा असतानाच त्याचा हात पोचला.

मी म्हटलं, "मग गुरुजींनाच घेऊन या."

टिंगल होती ती. कुणालाही कळली असती. पण दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास हा निवृत्तीनंतर भडगावला राहणाऱ्या गुरुजींना एसटीने खरोखर घेऊन आला. गुरुजी ऐंशीच्या घरातले, डोळ्यांना जाड भिंगं, धोतराला रस्त्याची धूळ. याने त्यांना दंडाला धरून खिडकीशी आणलं. मी कोण, हे गुरुजींनी विचारलंही नाही. गजांमधून आत बोट केलं आणि हात कानाला लागला म्हणून सहा त्यांनीच लिहिलं, हे अहिराणीत एका दमात सांगून टाकलं.

"मीच लिखेल शे ते. हाऊ तवय साडेचारना व्हता. हात कानले लागना, मी सहा लिखी दिधं. चूक मनी शे, त्यानी नही."

आयुष्यभर गावाने ज्याला मान दिला, तो म्हातारा माणूस एका कारकुनासमोर आपली चूक कबूल करत होता. मी काय करावं? मी शाळेच्या दाखल्यावर बोट आपटून म्हटलं की आम्ही कागद बघतो, म्हातारे बघत नाही. शिपाई खो-खो हसला.

गुरुजींना ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. याला गेलं. तो पहिल्यांदाच हसला नाही. "चला गुरुजी, चहा घेऊ," एवढं म्हणून त्यांना घेऊन गेला.

आता खरं सांगतो. शंकेचे अर्ज डीनसाहेबांकडे पाठवायची सोय होती. तसा गठ्ठा माझ्याच टेबलावर होता आणि डीनसाहेब ऐकून घेणारे होते. मी याचा अर्ज त्या गठ्ठ्यात ठेवला नाही. लाल शाईने 'वय जास्त' लिहिलं आणि कपाटात टाकला. यादी लागली तेव्हा शेवटच्या मुलापेक्षा याचे गुण सात जास्त होते. तेही मी पाहिलं, आणि जेवायला गेलो.

पुढच्या जूनला मला वाटलं, येईल पुन्हा फाइल घेऊन. आला नाही. त्यानंतरही कधी नाही. अशी माणसं टिकत नाहीत, असं मी सहकाऱ्याला म्हणालो.

अठरा-एकोणीस वर्षं गेली. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी धरणगावकडची एक मुलगी अर्ज घेऊन आली. मी सवयीने आधी जन्मतारीख पाहिली. तेवीस ऑगस्ट. त्या भागातून तेवीस ऑगस्ट मी कधी पाहिली नव्हती. म्हटलं, ही कोणी काढली?

"खरीच आहे. आमच्या गावात सगळ्यांची खरी असते," ती म्हणाली. "आमच्याकडे कंपाउंडर काका आहेत. गावात मूल झालं की वहीत लिहून ठेवतात. शाळा उघडायच्या दिवशी वही घेऊन ओट्यावर बसतात, गुरुजींना कुणाचा कान धरू देत नाहीत."

मी अर्ज तपासत राहिलो. तीच पुढे म्हणाली, "खिडकीवर चष्मेवाले भाऊसाहेब असले तर नमस्कार सांग, म्हणाले. तुम्हीच का?"

मी मान डोलावली आणि शिक्का मारला.

मला शाळेत घालताना माझ्या बापाने उलटं केलं होतं. मी आठ वर्षांचा घोडा, पण पुढे नोकरीची दोन वर्षं वाढतील म्हणून गुरुजींना सहा लिहायला लावलं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. दुसऱ्याचा दाखला हातात धरून मी वयावर बोट आपटायचो, तेव्हाही माहीत होतं. माझी तारीख खरी असती, तर मी आदल्या वर्षीच निवृत्त झालो असतो, आणि त्या मुलीला त्याचा नमस्कार सांगायला खिडकीत मी सापडलोच नसतो.