निवू द्या, मॅडम

गरम द्रावणाचं चंचुपात्र खिडकीत ठेवून ती हात मागे बांधून उभी राहायची. मी ओरडायचे, "अगं, तास संपत आला, गाळ की आता!" ती मान हलवायची.

"निवू द्या, मॅडम. घाई केली की घाण आत बसती."

माझंच वाक्य माझ्यावर उलटवलेलं. काय बोलणार कप्पाळ!

बी.एस्सी.ची पोरं तुम्हीही पाहिली असतील. प्रयोगशाळेत निम्मी घड्याळाकडे बघतात, उरलेली एकमेकांकडे. ही मात्र पात्राच्या तळाकडे बघत राहायची आणि स्फटिकाची पहिली सुई दिसली की खुदकन हसायची. शिरूर कासारच्या पलीकडची पोर, आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे.

तिनं पहिल्यांदा ॲस्पिरिन केलं ते दिसायला पांढरंशुभ्र, पण तापवलं की ठरलेल्या अंशाआधीच वितळायचं, म्हणजे अशुद्ध. हुंगलं तर आंबूस वास.

"धुतलंस का नीट?"

"धुतलं की."

"किती पाण्यानं?"

तिनं चमचाभर दाखवलं. "लई पाणी सांडलं असतं, मॅडम."

मला आधी हसू आलं, मग उमगलं. टँकरच्या पाण्यावर वाढलेली पोर, बेसिनमध्ये पाणी ओतायला तिचा हातच होईना. आम्ल तसंच चिकटून राहिलेलं. "बाई गं, इथं काटकसर नको," मी म्हटलं, "वास जाईपर्यंत धू." पुढच्या खेपेला ती कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ मागून घेऊन आली. गार पाण्यानं मनसोक्त धुतलं, आणि पदार्थ नेमका त्याच्या अंशाला वितळला. "शुद्ध हाय, मॅडम!" म्हणत ती वर्गभर दाखवत फिरली. औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायचं, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर येऊन म्हणाली, "मॅडम, लग्न ठरलं."

मी भडकलेच. वडिलांना बोलावून घेतलं. तोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याला मुकादम विचारत नाही. म्हणून मुलाकडच्यांना हंगामाच्या आत सून हवी होती.

"पोरगी हुशार हाय, मला कळत न्हाई व्हय?" वडील म्हणाले. "पण आमी दोघं उन्हाळ्यापस्तोर फडात. म्हातारी व्हती तवर भागलं, आता तीबी न्हाई. तवर हिला हितं कुणाच्या भरवशावर ठिवू?"

 

"परीक्षेला धाडू म्हणलेत पाव्हणे," ते उठता उठता म्हणाले. तिनं तेवढ्याच शब्दाचा आधार धरला. जाताना मला म्हणाली, "प्रॅक्टिकलला येते, मॅडम. तारीख तेवढी कळवा."

लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर तोडीला गेली होती; तिथं फोन करून कळवली. प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे वर्ष गेलं, आणि अशा पोरींचं गेलेलं वर्ष परत येत नाही. इथं इतक्यांदा पाहिलंय की सांगवत नाही. त्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी चहा पाजला, परत पाजला, शेवटची बॅच उठेपर्यंत थोपवलं. तिच्या जागेवरची भांडी कोरडीच राहिली. शिपाई बर्नर बंद करायला लागला तर त्याच्यावरच खेकसले. दुसऱ्या कुणावर राग काढणार होते?

मग फोन लावला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला. मागे ट्रॅक्टर घरघरत होता.

"उसाची गाडी भरायची होती, मॅडम. सोडलं न्हाई." तिला धीर द्यावा म्हणून मी तोंड उघडलं, पण ती रडत नव्हतीच. म्हणाली, "आज काय आलतं?"

"ॲसिटॅनिलाइड."



"ते मला येतंय," ती म्हणाली, आणि भराभरा सांगायलाच लागली. ॲनिलीन कशात मिसळायचं, बर्फाच्या पाण्यात कसं ओतायचं, गाळून परत उकळत्या पाण्यात कसं विरघळवायचं. मागून कुणीतरी मोळी उचलायला हाक मारली, तशी ती आणखी भरभर बोलू लागली.

"बरोबर हाय ना, मॅडम?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "सगळं बरोबर आहे गं."

तोवर परीक्षक गुणांचं पाकीट सील करून निघून गेले होते.