बापाच्या चेहऱ्याचा मास्क

डिंडोलीतल्या लूमवर कापड विणणाऱ्या कारागिराची पोर वर्षा, मुंबईत शिकून कॅन्सरला रेडिएशनचा शेक देणारी डॉक्टर झाली. तोंडाचा कॅन्सर हाच तिचा खास विषय, संशोधनही त्यावरच. आणि तिच्याच बापानं, हिलालनं, गालातली जखम महिनोन्महिने लपवली! "तुनी परीक्षा व्हती ना, माय," म्हणाला. काय जाळायची ती डिग्री?

शेक घेताना डोकं हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर गरम करून मऊ केलेली प्लास्टिकची जाळी दाबून मास्क घडवला होता. गाल आत बसत गेले तसा तो सैल पडू लागला, तेव्हाच वर्षा समजून चुकली.

हिलाल गेल्यावर आईनं तो मास्क घरी मागून आणला. वर्षानं त्यात हळूच हात घातला. बापाचे गाल तिथे अजून भरलेले होते.